निवृत्तीची रजा कोणी मंजूर केली?

साठी उलटलेल्या ख्रिस्ती माणसाने काय करावे, याविषयी आपल्या समाजात फारसा मतभेद उरलेला नाही. पहाटेच्या मिस्सेला जावे, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत पोचवावे, वाडीतल्या केळींना पाणी सोडावे, सायंकाळी रोझरी म्हणावी आणि धर्मगुरू घरी येऊन ख्रिस्तप्रसाद देऊ लागण्याचे वय येईपर्यंत देवाचे आभार मानीत राहावे. धर्मग्रामात ज्येष्ठांचा संघ असेल तर वर्षातून एकदा वेलांकनीची यात्रा. हा दिनक्रम वाईट आहे असे कोण म्हणेल? आम्ही उभयता स्वतः त्यातच आहोत. आमच्या दोघांच्या वयांची बेरीज एकशेतीसच्या पुढे गेली आहे. आमचा आक्षेप दिनक्रमाला नसून त्याच्या बुडाशी असलेल्या एका समजुतीला आहे. स्नानसंस्काराने अंगावर आलेले प्रेषितकार्य हे बँकेच्या वा शाळेच्या नोकरीसारखेच असते आणि ठरावीक वयाला त्यातूनही मोकळे होता येते, अशी ती समजूत. ही रजा कोणी मंजूर केली? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो दस्तऐवज प्रसृत केला, त्यात अशी रजा नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८च्या अखेरीस प्रापंचिकांना उद्देशून जे पत्र लिहिले, त्यात तर वृद्धांचा मुद्दाम वेगळा विचार केलेला आहे आणि नोकरीधंद्यातून मिळालेली मोकळीक म्हणजे प्रेषितकार्याची नवी संधी होय, असा त्याचा रोख आहे.

या समजुतीविरुद्ध आम्हांला एक उदाहरण पुढे ठेवायचे आहे. ते ज्यांचे आहे त्यांचे नाव वाचून काही वाचक पान उलटतील, म्हणून कडू घोट आधीच देऊन टाकतो. ते मॉर्मन होत. १८३० साली अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ याने स्थापलेला आणि आज युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथून चालणारा हा पंथ. मॉर्मन हे टोपणनाव वापरू नये, असे त्यांच्या प्रमुखांनी २०१८ साली सांगितले. तेव्हा यापुढे आम्हीही सौजन्य म्हणून नुसते ‘ती मंडळी’ म्हणू. त्यांची त्रैक्याविषयीची कल्पना आपल्या श्रद्धेपासून इतकी दूरची आहे की, त्यांचा स्नानसंस्कार वैध नाही असा निर्णय व्हॅटिकनच्या धर्मतत्त्वविभागाने २००१च्या जून महिन्यात दिला. त्या निर्णयाशी आमचा कसलाही वाद नाही. पण शेजाऱ्याच्या देवघराशी आपले जमत नसले, तरी त्याच्या विहिरीचे पाणी गोड आहे एवढे कबूल करण्यास कोणती आडकाठी आहे?

त्या मंडळीचे पांढरा सदरा आणि टाय घातलेले, जोडीजोडीने हिंडणारे तरुण मिशनरी जगाला परिचित आहेत. २०१२ पासून त्यांचे तरुण अठराव्या वर्षीच दोन वर्षांच्या या कामावर निघू शकतात. (गंमत अशी की, मिसरूड न फुटलेल्या या पोरांनाही तेथे ‘एल्डर’ म्हणजे ज्येष्ठ याच नावाने हाक मारतात.) जगाला कमी परिचित आहेत ती त्यांची खरोखरीची ज्येष्ठ जोडपी. मुले आपापल्या पायांवर उभी राहिली, नोकरी संपली की पतिपत्नी मिळून अर्ज करतात. नवरा एकटा किंवा बायको एकटी, असे चालत नाही. सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतचा काळ ते देऊ करतात आणि घरभाडे, जेवणखाण यांचा खर्च मुख्यतः स्वतःच सोसतात. कुठे जायला आवडेल हे सुचवता येते, मात्र नेमणूक वरून येते. कोणी दप्तरखान्यात जुने कागद लावतात, कोणी दुष्काळी मुलखात विहिरी खोदण्याच्या कामावर देखरेख करतात. आणि यांतल्याच काहींची नेमणूक लष्करी तळांच्या शेजारी, कोवळ्या सैनिकांमध्ये होते. अमेरिकेत तर ती होतेच, शिवाय जर्मनी आणि जपानचे ओकिनावा बेट येथे जे अमेरिकी तळ आहेत त्यांच्या जवळही होते.

तेथे ही दोन म्हातारी माणसे करतात तरी काय? ऐकून निराशाच होईल इतके साधे काम आहे. तळाजवळ घर घेतात. नव्याने बदलून आलेला आपला सैनिक कोण, हे शोधून त्याला गाठतात. ज्याला वाहन नाही त्याला रविवारी प्रार्थनेला नेऊन आणतात. सोमवारची सायंकाळ घरच्यांनी एकत्र घालवायची, असा त्या मंडळीचा जुना प्रघात आहे; त्या संध्याकाळी घराचे दार उघडे ठेवतात आणि येतील त्यांना जेवू घालतात. नवरा समुद्रापार धाडला गेला आणि विशीतली बायको तान्हे मूल घेऊन परक्या गावात एकटी राहिली, तर तिच्याकडे जाऊन बसतात. बस्स, एवढेच.

या एवढ्याशा कामाचे मोल समजून घ्यायचे तर अमेरिकेतला रंगरूट डोळ्यांपुढे आणावा लागतो. आईबापांनी संमती दिली तर तेथे सतराव्या वर्षी सैन्यात जाता येते. पायदळाचे प्राथमिक शिक्षण दहा आठवड्यांचे, मरीन दलाचे तेरा आठवड्यांचे. पहिल्याच दिवशी केस उतरतात आणि फोन काढून घेतला जातो. जो मुलगा कालपर्यंत आईच्या हाकेला दोनदा ‘आलो’ म्हणून तिसऱ्या हाकेला उठत असे, त्याच्या कानाशी आता दिवसभर कोणीतरी ओरडत असते. अपवाद रविवारच्या सकाळचा. त्या दिवशी उपासनेसाठी जी घटकाभर सवड मिळते, तिच्यात कोणी ओरडत नाही. पुष्कळ मुले केवळ तेवढ्याचसाठी उपासनेला जातात, हे त्यांच्या शिक्षकांनाही ठाऊक असते. दक्षिण कोरियात नॉनसान येथे सक्तीच्या लष्करी सेवेवर आलेल्या तरुणांचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथले रंगरूट देऊळ, विहार की प्रार्थनाघर यांची निवड तेथे मिळणाऱ्या चोको-पाय नावाच्या गोड खाऊवरून करतात, असा विनोद त्या देशात सर्वतोमुखी आहे.

येथे आमचे काही सोवळे मित्र नाक मुरडतील. खाऊ देऊन जमवलेली भक्ती ही कसली भक्ती, असे ते विचारतील. आम्ही त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय पुन्हा एकदा वाचण्याची विनंती करतो. रात्रभर जाळे टाकून दमलेल्या माणसांसाठी पुनरुत्थित प्रभूने किनाऱ्यावर निखारे पेटवले, मासे भाजले, भाकर पुढे केली आणि सर्वांची न्याहारी झाल्यावरच पेत्राला तो अवघड प्रश्न विचारला. क्रम लक्षात घ्यावा. आधी न्याहारी, मग प्रश्न. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या लोकांना तरी हा क्रम समजावून सांगावा लागू नये.

अमेरिकेच्या सैन्यात धर्मगुरू नाहीत काय? आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या चरित्रापुढे आपण नतमस्तक व्हावे. कोरियाच्या युद्धात कैद झालेले आणि २३ मे १९५१ रोजी बंदिवासातच मरण पावलेले फादर एमिल कापान. व्हिएतनाममध्ये ४ सप्टेंबर १९६७ रोजी जखमी जवानांच्या मदतीला धावताना गोळ्यांना बळी पडलेले मेरीनोल संस्थेचे फादर व्हिन्सेंट कपोडानो. दोघांनाही अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले आणि दोघांच्याही संतपदाची प्रक्रिया सुरू आहे. पण अशा पुरोहितांची संख्या आता किती उरली आहे? त्या सैन्यात कॅथलिकांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश मानले जाते. तेथल्या सर्वपंथीय धर्मसेवकांमध्ये कॅथलिक पुरोहित दहांत एकही भरत नाहीत. २००१ साली ते चारशेच्या वर होते, नंतरच्या वीस वर्षांत सुमारे निम्म्यावर आले. जगभर विखुरलेल्या तळांवर, जहाजांवर आणि इस्पितळांत एवढी माणसे पुरणार कशी?

संख्या भरून आली तरी एक अडचण उरतेच, आणि आमच्या मते तीच अधिक खोल आहे. लष्करातला धर्मसेवक हा अधिकारी असतो. त्याच्या खांद्यावर हुद्द्याची खूण असते आणि रंगरूटाला त्याला सलाम ठोकावा लागतो. त्याच्या हाती शस्त्र नसते आणि त्याला सांगितलेले गुपित कायद्यानेही सुरक्षित असते, हे खरे. परंतु वर्षभर हुद्द्यालाच भ्यायला शिकलेला मुलगा हुद्द्यासमोर मन मोकळे करायला कचरतो. पहिल्या महायुद्धात हे फिलिप क्लेटन नावाच्या अँग्लिकन धर्मसेवकाने ओळखले होते. बेल्जियममधील पोपरिंगे या गावी आघाडीच्या जरा मागे १९१५च्या डिसेंबरात त्याने सैनिकांसाठी टॅलबट हाउस नावाचे विश्रांतिगृह उघडले आणि हुद्दा बाहेर ठेवूनच आत यावे, अशी पाटी तेथे लावली. सेनापती आणि शिपाई एकाच टेबलाशी चहा पीत. एकाच घरात, एका युद्धापुरते का होईना, ते साधले.

म्हाताऱ्या जोडप्याला अशी पाटी लावावी लागत नाही. त्यांच्याकडे हुद्दाच नसतो. ते कोणाला बढती देत नाहीत, कोणाविरुद्ध अहवाल पाठवीत नाहीत, कोणाची रजा त्यांच्या सहीवाचून अडत नाही. शिवाय ती दोघे आहेत, ही गोष्ट फार महत्त्वाची. तरुण सैनिकांची लग्ने लवकर होतात; अनेकदा बदलीचा किंवा परदेशी रवानगीचा हुकूम हाती पडल्यावर घाईघाईने होतात आणि पुढे दुराव्याच्या महिन्यांत विस्कटतात. अशा मुलाला विवाहसंस्कारावर प्रवचन ऐकवणे सोपे आहे. पण चाळीस वर्षे एका छपराखाली काढलेला पुरुष मीठ कमी पडले म्हणून कुरकुरतो, त्याची बायको त्याला सर्वांदेखत टोकते आणि घटकाभराने दोघे मिळून भांडी पुसतात, हे दृश्य त्या मुलाला जे शिकवते ते कोणत्याही व्यासपीठावरून शिकवता येणार नाही. आमचे ब्रह्मचारी धर्मगुरू आम्हांला क्षमा करोत. हे त्यांच्याही आवाक्याबाहेरचे आहे. आणि त्यात त्यांचा काहीही कमीपणा नाही.

एक आकडा येथे दिलाच पाहिजे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या युद्धखर्चविषयक प्रकल्पाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००१ नंतरच्या युद्धांत प्रत्यक्ष लढाईच्या मोहिमांवर सुमारे सात हजार अमेरिकी सैनिक मेले. त्याच पिढीतले सेवेतील आणि निवृत्त मिळून सुमारे तीस हजार आत्महत्येने गेले. चौपटीहून अधिक. म्हाताऱ्या जोडप्याच्या ताटातल्या घासाने हा आकडा खाली येतो, असा दावा आम्ही करीत नाही. दुखणे एवढे मोठे असता वैद्याची जागा आजीने घेऊ नये. आजीचे काम इतकेच की मुलाचा चेहरा उतरलेला पाहून त्याला गाडीत घालावे आणि वैद्याच्या दारापर्यंत न्यावे. परंतु चेहरा उतरलेला आहे हे ओळखायला आधी त्याचा नेहमीचा चेहरा माहीत असावा लागतो. तो कोणाला माहीत असतो? रोज पाहणाऱ्या सार्जंटला तो दिसत नाही, कारण परेडच्या मैदानावर सर्वांना एकच चेहरा करायला शिकवलेले असते.

कोणी म्हणेल, हे सर्व त्या मंडळीचे कौतुक झाले. कॅथलिकांच्या परंपरेत असे काही नव्हतेच काय? होते, आणि आपण ते विसरलो हेच दुखणे आहे. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक प्रापंचिकांच्या संघटनेने देशातल्या छावण्यांत आणि समुद्रापार फ्रान्समध्ये सैनिकांसाठी झोपड्यांसारखी विश्रांतिगृहे उभारली. कागद, पाकीट, गरम पेय, सिगारेट, सारे फुकट. आणि कॅथलिक असो वा ज्यू, येईल त्याला मज्जाव नाही. ही गृहे चालवणारे पुरुष बहुतांशी भरतीचे वय उलटून गेलेले होते. म्हणजे ‘तुमचे वय झाले’ असे सांगून सैन्याने ज्यांना परत पाठवले असते, त्याच माणसांना ख्रिस्तसभेने तेथे काम दिले. त्याहूनही मागे जायचे तर प्रेषितांच्या कृत्यांपर्यंत जाता येईल. सम्राट क्लौद्य याच्या हुकुमाने रोममधून हाकलले गेलेले अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू शिवणारे जोडपे करिंथ येथे संत पौलाला आपल्या घरात ठेवून घेते, त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालते आणि विद्वान अपुल्लोला घरी नेऊन त्याच्या ज्ञानातली उणीव भरून काढते. या दोघांचे वय शास्त्रात दिलेले नाही. प्रिस्किल्लेचे नाव मात्र अनेकदा नवऱ्याच्या आधी येते, हे आमच्यातील अर्ध्या भागाने येथे नोंदवण्याचा आग्रह धरला आहे.

प्रापंचिकांना पगार देऊन हे काम करवता येईल, असेही एक मत आहे. अमेरिकेच्या लष्करी तळांवरील कॅथलिक प्रार्थनाघरांत धर्मशिक्षणाचे संयोजक, संगीतकार वगैरे मंडळी पुष्कळ ठिकाणी कंत्राटावर असत. २०२५ साली तेथील पायदळाने ही कंत्राटे रद्द केली आणि लष्करी महाधर्मप्रांताचे आर्चबिशप टिमथी ब्रॉग्लियो यांना त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जाहीर पत्र लिहून नाराजी व्यक्त करावी लागली. त्यांची नाराजी योग्यच होती. मुलांचे धर्मशिक्षण एका फटकाऱ्याने बंद पडावे ही काही लहान गोष्ट नव्हे. तरीपण ज्या सेवेचा श्वास सरकारी कंत्राटाच्या नळीतून चालतो, ती नळी कधी आणि कोण पिरगळील याचा नेम नसतो, हेही त्यातून दिसले. स्वतःच्या पेन्शनवर राहणाऱ्या जोडप्याचे कंत्राट कोण रद्द करणार?

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळतो. सैनिकांची सेवा म्हणजे अप्रत्यक्षपणे युद्धाचीच सेवा नव्हे काय? घरच्या जेवणाने आणि आजीच्या मायेने बंदुकीची धार अधिक तीक्ष्णच होते, असे म्हणणाऱ्या शांतिवादी ख्रिस्ती माणसाला आम्ही मूर्ख समजत नाही. ज्यांना युद्ध सुलभ करायचे असते त्यांना अशी जोडपी सोयीची वाटतात, हे मान्य करावेच लागेल. पण या युक्तिवादाचा शेवट कुठे होतो ते पाहा. २००३च्या इराक युद्धाला पोप दुसरे जॉन पॉल यांनी उघड विरोध केला. म्हणून त्या युद्धावर गेलेल्या सैनिकांमधून त्यांनी पुरोहित माघारी बोलावले नाहीत. ज्याने युद्धाचा निर्णय घेतला तो राजधानीत असतो. ज्याला पाठवले जाते तो एकोणीस वर्षांचा असतो, आणि त्याच्या अंतःकरणात कोणीतरी भल्या माणसाने घर केलेले असणे ही त्याच्या समोर येणाऱ्या निःशस्त्र माणसाच्याही हिताची गोष्ट आहे. योहान बाप्तिस्त्याकडे सैनिक आले तेव्हा त्याने त्यांना हाकलून दिले नाही. कोणाला लुबाडू नका, आपल्या पगारात समाधान माना, असे बजावले. आणि ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी आपण रोज आपल्या अपात्रतेची जी कबुली देतो ती मुळात कोणाच्या तोंडची? कफर्णहूमच्या शताधिपतीची, म्हणजे परकीय सत्तेच्या एका लष्करी अधिकाऱ्याची. ख्रिस्तसभेने सैनिकाचे शब्द पवित्र मिस्सेत आणून ठेवले. तो सैनिक दाराशी आला तर त्याला बसायला खुर्ची द्यावी की नाही, हा प्रश्न आपल्याला पडावा हेच नवल.

त्या मंडळीच्या पद्धतीत आम्हांला न पटणाऱ्याही दोन गोष्टी आहेत. स्वखर्चाची अट म्हटली की ज्यांच्याजवळ पेन्शन आहे त्यांचीच सेवा देवाला चालते, असा विचित्र अर्थ निघतो. आपल्या वाडीतला शेतकरी आणि कोळीवाड्यातली विधवा त्यात बसत नाहीत. आणि दुसरे म्हणजे, आपला पंथ वाढवणे हा त्या मंडळीचा हेतू लपून राहिलेला नाही. भ्यालेल्या, घराची आठवण काढणाऱ्या मुलाच्या मनःस्थितीचा असा उपयोग करणे आम्हांला अप्रशस्त वाटते. जेवायला बसलेल्या मुलाने स्वतःहून विचारले तर श्रद्धेविषयी बोलावे, एरवी त्याला दुसऱ्यांदा आमटी वाढावी.

हे सारे वाचून येथल्या वाचकाने काय करायचे? सैनिकांच्या आध्यात्मिक सेवेची नवी घटना पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ एप्रिल १९८६ रोजी जाहीर केली आणि त्यानुसार अनेक देशांत सैनिकांचे स्वतंत्र धर्मप्रांत आहेत. भारतात तसा धर्मप्रांत नाही. आपल्या पायदळात धर्मशिक्षकाचे पद असते. पंडित, ग्रंथी आणि मौलवी यांच्याबरोबर पाद्रीही नेमले जातात. परंतु झारखंडचा उरांव, मेघालयचा खासी, केरळचा सिरो-मलबार पंथीय मुलगा ज्या गावी नेमला जाईल, त्या गावच्या धर्मग्रामातच त्याची मिस्सा. आपल्या राज्यात देवळाली, खडकी, अहिल्यानगर, कामठी ही काय लहान केंद्रे आहेत? सीमेपलीकडे बेळगाव आहेच. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार साडेसतरा वर्षांची मुले भरती होतात, आणि चार वर्षांनी जास्तीत जास्त एक चतुर्थांश कायम होऊन बाकीच्यांनी घरी परतायचे, असे तिचे मूळ स्वरूप आहे. म्हणजे एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ‘निवृत्त’ होणारी मुले! निवृत्तीचा अनुभव असलेली माणसे त्यांच्या उपयोगी पडू नयेत तर कोणी पडावे?

छावणीच्या फाटकाच्या आत शिरण्याचा हट्ट आम्ही धरीत नाही. ते आपले क्षेत्र नव्हे, आणि लष्कराच्या शिस्तीत नाक खुपसणारा म्हातारा हा कोणालाच नको असतो. छावणीशेजारच्या धर्मग्रामात वर्षभर जाऊन राहणारे एकेक जोडपे, इतकीच आमची मागणी आहे. रविवारच्या मिस्सेनंतर मागच्या बाकावर एकटे उभे राहणारे, आखूड केसांचे, स्थानिक भाषा न समजणारे जे पोर असते त्याला जेवायला घेऊन जावे. कुटुंब आणलेल्या जवानाच्या बायकोला बाजार, दवाखाना आणि शाळा दाखवावी. खर्चाची व्यवस्था धर्मग्रामाने करावी, म्हणजे गरीब जोडपेही जाऊ शकेल. लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला आपल्याकडे मांडव, बँड आणि जेवणावळ यांवर काय उडते ते वसईकरांना सांगायला नको. त्यातल्या जेवणावळीच्या पैशात एका जोडप्याचे कित्येक महिने सहज निघतील.

‘नातवंडे कोण सांभाळणार?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नाही, कारण तो आम्हांला विचारलेला प्रश्नच नव्हे. तो आमच्या मुलांना आणि सुनांना विचारावा. आजीआजोबा म्हणजे बिनपगारी पाळणाघर, हा करार आमच्या लग्नात किंवा त्यांच्या लग्नात कोणी वाचून दाखवलेला आठवत नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही आमच्याच धर्मग्रामातल्या पाच जोडप्यांना विचारून पाहिले. तिघांनी हसून विषय बदलला. चौथ्या घरी मुलाला विचारून सांगतो म्हणाले. अजून सांगितलेले नाही. पाचव्या घरातील आजीने तांदूळ निवडता निवडता सर्व ऐकून घेतले आणि विचारले, ‘एका वेळी साधारण किती पोरं जेवायला येतील? त्या अंदाजानं भांडी न्यावी लागतील.’